अर्थ ठाऊक, शब्द आठवेना: कोशात शोधावा की माणसांत?

परभणीकर:
ज्वारी काढून पेंढ्या बांधून झाल्या की रानात मागं राहिलेली कणसं आजी वेचायची, पदरात घालून आणायची. त्याला आमच्या गावात एक शब्द होता. आजीवर लिहायला बसलो आणि नेमका तोच आठवेना. चार दिवस कोश चाळले. कोश अकारविल्हे, पहिलं अक्षरच माहीत नाही तर पान कुठलं उघडायचं? शेवटी गावी शेजारच्या काकूंना फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "सरवा रे! आम्ही दोघी संगंच जायचो सरव्याला." माझं म्हणणं एवढंच, असा शब्द आधी माणसांना विचारावा. कोश नंतर, खातरजमेला.

नांदेडहून:
अजिबात पटलं नाही. काकू आहेत म्हणून सापडला. सोयाबीन आलं, मळणी यंत्रं आली. आणखी दहा वर्षांनी सरवा कुणाला विचारणार? मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठानं संगणकावर आणलाय. त्यात अर्थाच्या मजकुरातही शोधता येतं. 'ग्लीनिंग' घालून बघायचं होतं.

परभणीकर:
'ग्लीनिंग' मला कुठं माहीत होतं? म्हणजे घरचा शब्द हरवला तर आधी परका शब्द हुडकायचा! दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अर्थ मराठीत आहेत, पण तिथंही अडचण तीच. मी 'राहिलेली कणसं' म्हणणार, कोशकारानं 'अवशिष्ट धान्य' लिहिलं असेल तर गाठ पडायची कशी?

अंबाजोगाई:
दोष कोशाचा नाही, अकारविल्हे मांडणीचा आहे. संस्कृतातला अमरकोश विषयवार आहे. शेतीचं हवं तर त्यातला वैश्यवर्ग हा भाग काढा. सांडलेले दाणे टिपणं म्हणजे उंछ, कणसं वेचणं म्हणजे शिल. दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. मराठवाड्याच्या बोलीचा असा विषयवार कोश हवा: औत, खळं, चूल, मोंढा. तो माझ्या तरी पाहण्यात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लातूरकर:
एवढा आटापिटा कशाला? 'उरलेली कणसं वेचायची' लिहा. वाचकाला कळतं.

परभणीकर:
कळतं, पण अर्धंच. आमच्या गावात सरव्याला आलेल्या बाईला रानाचा मालक हटकत नसे. ज्यांना रान नव्हतं त्यांच्या घरात त्यातून आठ-दहा दिवसांच्या भाकरी निघायच्या. 'उरलेली कणसं' लिहिलं की आजी दुसऱ्याच्या रानात काय करत होती, ते मला वेगळं समजावून सांगावं लागतं. 'सरवा' म्हटलं की तिचा हक्क त्यातच आला.

नांदेडहून:
हक्काचं म्हणणं मान्य. कोशाचं नाही. काकूंना एक विचारा: तिफणीवर बी सोडायला लाकडी वाटीसारखं असतं, त्याला काय म्हणतात? मी कोशात बघून ठेवलंय.

परभणीकर:
विचारलं. "चाडं." मग चाड्यावर मूठ कशी धरायची, बी बोटांतून किती सुटू द्यायचं, पाऊस कमी असला तर मूठ कशी आवळायची, हे अर्धा तास सांगत होत्या. लिहून घेतलंय. उद्या टाकतो.