बोरघाटाचा डोंगर थर्माकोलचाच वाटतोय, मदत हवी

प्रश्न: ६ बाय ४ फुटांच्या प्लायवर एचओ, म्हणजे १:८७ मापात बोरघाटाचं रेल्वे मॉडेल करतोय. डोंगर वारुळासारखा दिसतो आणि बोगद्यातल्या वळणावर लांब डबे भिंतीला घासतात.

उत्तर: दादा, सह्याद्री म्हणजे लाव्हाचे आडवे थर. थर्माकोलचे तुकडे आडवे रचा, कडा कापू नका, हाताने मोडा. वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेली जुन्या मलमलीची चिरगुटं. नुसता काळा रंग नको, करडा द्या. मग माळावरची लाल माती चाळून फेव्हिकॉलच्या पाण्यावर भुरभुरा. पावसाळा दाखवायचा की मार्चमधलं वाळलेलं गवत, ते मात्र आधी ठरवा. माझ्या मते मार्चच खरा दिसतो.

उत्तर: वळणावर डब्याचा मधला भाग आत येतो, टोकं बाहेर जातात. सर्वांत लांब डब्याला पेन्सिल बांधून हातानं फिरवा, मगच भिंत उभी करा. मागून हात जाईल एवढी खिडकी ठेवाच. माझं इंजिन आत घसरलं तेव्हा अख्खा डोंगर फोडावा लागला होता.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! चढ खऱ्या घाटासारखा ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांत १ फूट, ठेवू?

उत्तर: खऱ्या घाटातही मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं लावतात. तुम्ही त्याहून सौम्य, ५० ला १ ठेवा.