डायलिसिसच्या चार तासांसाठी गाणी सुचवा – मैत्रिणीला माझं आवडतं सगळं ऐकवायचंय

रानजाई

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही.

माझी जिवलग मैत्रीण. कोल्हापूरला हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. ती आता पुण्यात असते आणि गेल्या दिवाळीपासून तिचं डायलिसिस सुरू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची शिफ्ट, दर वेळी चार तास. मी मिरजेत, नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून दर आठवड्याला जाणं होत नाही. मागच्या महिन्यात एक दिवस तिच्या खाटेशेजारी बसले होते, तेव्हा म्हणाली, "हॉस्टेलवर तू काय काय लावायचीस ना, ते सगळं पाठव. मला झेपेल असं शोधत बसू नकोस. तुला आवडतं ते पाठव."

माझ्या आवडीला एक गाव नाही. किशोरीताई (आमोणकर) आणि कुमारजी (कुमार गंधर्व) आहेतच, पण सुलोचनाबाई चव्हाणांच्या लावण्याही तितक्याच जवळच्या. कव्वालीवाले नुसरत फतेह अली, जॅझमधल्या कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, आणि आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांची सेझारिया एव्होरा, जी स्टेजवर अनवाणी गायची आणि जिचं नाव जगाला कळलं तेव्हा ती पन्नाशीला आली होती. मैत्रीण मेहदी हसनच्या गझला, पंचम (आर. डी. बर्मन) आणि त्या काळातल्या रॉकवर वाढलेली. मी ख्याल लावला की ती उठून चहा टाकायला जायची. आता तिला उठता येत नाही. म्हणून तर मला जास्त जपून पाठवायचंय.

अडचणी अशा:

डाव्या हातात दोन सुया असतात, तो हात हलवायचाच नाही. उजव्या हाताला बीपीचा पट्टा, तो दर अर्ध्या तासाने फुगतो. म्हणजे गाणं बदलायला, इअरफोन सावरायला हात जवळजवळ नाहीच. मशीनचा अलार्म आणि सिस्टरची हाक ऐकू यायला हवी म्हणून इअरफोन एकाच कानात. शेवटच्या तासात पायात गोळे येतात आणि तेव्हा तिला काहीच नको असतं.

गेल्या गुरुवारी मी भूप राग पाठवला होता. आलाप संथ चाललेला, आणि मधेच अ‍ॅपवर मोठ्या आवाजात जाहिरात लागली. ती दचकली, हात हलला, मशीन बोंबलायला लागलं. सिस्टर धावत आल्या. तिनं रात्री फोनवर सांगितलं तेव्हापासून मला चैन नाही.

आणि एक प्रश्न मनात अडकून बसलाय. कुमारजींची निर्गुणी भजनं माझ्यासाठी सगळ्यांत वरची. पण त्यात हंस एकटा उडून जातो, पिंजरा रिकामा राहतो. तिला त्या खाटेवर हे पाठवावं का?

---

लोकलप्रवासी

रानजाई, माझ्या वडिलांचं सहा वर्षं डायलिसिस झालं, त्यामुळे आधी कामाचं सांगतो.

एकाच कानाने ऐकते म्हणालात. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये काही वाद्यं डावीकडे, काही उजवीकडे असतात. एक कान मोकळा म्हणजे तेवढं गाणं गायबच. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं. बाबा कायम म्हणायचे, तबला ऐकू येत नाही, आणि आम्ही समजायचो की त्यांना ऐकायला कमी येतंय.

दुसरं, चार तासांचं सगळं आदल्या रात्री डाउनलोड करून एकाच यादीत ठेवा, सलग वाजलं पाहिजे. जाहिरातीचा प्रश्न मिटतो. वायरचा इअरफोन असेल तर वायर उजव्या अंगाने घ्या, नळ्यांच्या बाजूने नको. जुनी रेकॉर्ड हळू आणि नवं गाणं एकदम जोरात असं होतं, त्यासाठी अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी सारखी करायची सोय असते, ती चालू ठेवा.

गाण्यांचं म्हणाल तर शेवटच्या तासाला बाबांना फक्त ठेका लागायचा. शब्द नकोत, आलाप नको. गोळे आले की माणूस घड्याळाकडे बघत असतो, तेव्हा मिनिटं पुढे ढकलणारं काहीतरी हवं.

---

कोमलऋषभ

मेहदी हसन आवडतात म्हणजे अर्धा रस्ता झालाय हो! "गुलों में रंग भरे" तिला पाठ असेल. ती गझल झिंझोटी रागात आहे. ती संपली की लगेच अब्दुल करीम खाँसाहेबांची "पिया बिन नहीं आवत चैन" ठेवा. तोच झिंझोटी. रागाचं नाव सांगू नका, काही समजावून सांगू नका. नुसतं पाठोपाठ ठेवा.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असायची. खाँसाहेबांना जे म्हणायचंय ते तेवढ्यातच म्हणावं लागायचं. सुया टोचल्यावर पहिला अर्धा तास मन थाऱ्यावर नसतं, तेव्हा तासाभराच्या ख्यालापेक्षा अशा तीन-तीन मिनिटांच्या चिजा जास्त लागू पडतील. शिवाय मूळच्याच मोनो, एका कानाने ऐकून काही हुकत नाही.

आणि तुम्ही तर मिरजेच्या. खाँसाहेबांची कबर तुमच्या मीरासाहेब दर्ग्यात. एक दिवस तिथून तिला फोन करा.

झिंझोटीनंतर बेगम अख्तर. गझल आणि ठुमरी दोन्ही त्यांच्या गळ्यात असल्याने तिला वाट बदलल्याचं कळणारही नाही. तिथून किशोरीताईंकडे जायला फार चढ नाही.

---

प्रभातफेरी

ताई, ठरावीक रागांचा रक्तदाबावर आणि मूत्रपिंडावर चांगला परिणाम होतो असं वाचलंय. वेळेनुसार राग लावले तर फायदा होईल. यादी देऊ का?

---

रानजाई

प्रभातफेरी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण यादी नको. दिवसभर तिच्याशी सगळे औषधाबद्दलच बोलतात. पाणी किती प्यायलीस, वजन किती वाढलं, क्रिएटिनिन किती. गाणंही औषध म्हणून पाठवलं तर तिच्याकडे दुसरं काही उरणार नाही. मला तिच्याशी गप्पा मारायच्यात, बस.

लोकलप्रवासी, मोनोचं आत्ता तिच्या मुलाला कळवलं. त्यानं लगेच करून टाकलं. तुमच्या बाबांच्या तबल्याचं वाचून गलबलून आलं.

कोमलऋषभ, झिंझोटी! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

---

घुमट

मी पेडण्याचा. सेझारिया एव्होराचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

ती गायची तो प्रकार मोर्ना. संथ, समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. आमच्या गोव्यातल्या मांडोची चालही तशीच जड पावलांची, विरहाची. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचं राज्य होतं, दोन्हीकडची माणसं जहाजांवर गेली. मांडोच्या मागोमाग दुलपद म्हणायची रीत आहे, ते चटपटीत, घुमट या वाद्याच्या ठेक्यावर पाय थिरकवणारं. आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं की रडवल्यावर माणसाला तसंच सोडून जायचं नसतं. तुमच्या यादीतही प्रत्येक संथ गाण्यामागे एक दुलपद असू द्या.

आणि आमची कोंकणी गायिका लोर्ना ऐकवाच. ट्रम्पेटवाल्या ख्रिस पेरीच्या बँडबरोबर मुंबई गाजवली, मग कित्येक वर्षं गाणं बंद, आणि १९९५ साली पुन्हा स्टेजवर उभी राहिली. कोंकणी कळायची गरज नाही. तो ट्रम्पेट आणि तो खर्जातला आवाज पुरे. शेवटच्या तासाला लागू पडेल.

---

मस्कतकर

इथे रात्री टॅक्सीत बसलं की हमखास उम्म कुल्थुम ऐकू येते. इजिप्तची गायिका, १९७५ साली गेली, पण आजही तिचा आवाज रस्त्यावर आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल रेडिओवरून जायची आणि अरब जग कान देऊन बसायचं. एक गाणं तासभर चालतं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी वेगळ्या वळणाने, आणि समोरचे लोक ओरडून तीच ओळ पुन्हा मागतात. ठुमरीतला बोलबनाव आवडणाऱ्याला हे परकं वाटणार नाही. "इंता उमरी"पासून सुरुवात करा. मधल्या दोन तासांत बसेल.

---

तारांगण

गाणी एकत्र ठेवायची पद्धत शोधताय म्हणून एक आठवण करून देतो. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर २७ संगीतरचना आहेत, सगळ्या मिळून साधारण दीड तास. त्यात बाख आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, आंधळ्या विली जॉन्सनचं शब्दांवाचूनचं गुणगुणणं आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो". जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यातलं दुसरं यान सुटलं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

तुमची मैत्रीण रॉकवाली ना? मग चक बेरीला लागून केसरबाई ठेवायला कचरू नका. तिथे वर ते दोघं एकाच तबकडीवर आहेत.

---

एकतारी

निर्गुणीबद्दल.

कुमारजी १९४८ साली देवासला आले ते क्षय घेऊन. जवळपास पाच वर्षं गाणं बंद. खाटेवर पडल्या पडल्या खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानावर पडायची. उठले तेव्हा फुफ्फुसाने पहिल्यासारखी साथ दिली नाही, म्हणून छोट्या छोट्या, झेप घेणाऱ्या ताना आल्या. त्या भजनांत जो श्वास ऐकू येतो तो आजारातून उठलेल्या माणसाचा आहे. तेव्हा खाटेवरच्या माणसाला ते वर्ज्य असं मला वाटत नाही.

पण न विचारता पाठवूही नका. माझ्या भावाच्या शेवटच्या दिवसांत एका नातेवाइकाने मोठ्या प्रेमाने अशीच एक रचना लावली होती, आणि त्यानं मान फिरवली होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सरळ विचारा तिला. "हे मला आवडतं, ह्यात मरणाबद्दल आहे, पाठवू का?" एवढंच.

---

लोकलप्रवासी

एकतारी यांच्याशी सहमत. आणखी एक राहिलं. ती ऐकते त्याच वेळी तुम्हीही घरी तेच लावा, सातला सुरू करून. आई तसं करायची. बाबा घरी आले की दोघांना बोलायला विषय असायचा.

---

रानजाई

तीन आठवडे झाले. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. झालं ते लिहिते.

पहिल्या मंगळवारी मेहदी हसन, मागे खाँसाहेब. मी इकडे स्वयंपाकघरात सातला तेच लावलं, मेथी निवडत बसले होते. आठ वाजता तिच्या मुलाच्या फोनवरून मेसेज आला, "हे दुसरे बुवा कोण? पहिल्या गाण्याचे आजोबा वाटतात." मेथी टाकून मी तिला फोन लावायला गेले, मग आठवलं की तिचे हात अडकलेत.

शनिवारी संध्याकाळी दर्ग्यात गेले. तिथून व्हिडिओ कॉल केला. उन्हं उतरली होती, कट्ट्यावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, कबुतरं होती. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कॅमेरा जरा तसाच धर." बराच वेळ तसाच धरला.

उम्म कुल्थुम नाही जमली. मस्कतकर, राग मानू नका. वाद्यंच इतका वेळ चालली की ती म्हणे, "बाई गायला लागेपर्यंत माझा पट्टा दोनदा फुगला." मला स्वतःला मात्र वेड लागलंय, रोज रात्री थोडं थोडं ऐकते. किशोरीताईंच्या भूपात तिला झोप लागली. पूर्वी मला ह्याचं वाईट वाटलं असतं. आता चार तासांतली चाळीस मिनिटं ती शांत झोपली, म्हणून भूप दर खेपेला मधेच असतो.

शेवटच्या तासाला लोर्ना आणि सुलोचनाबाई. डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि आवाजात मात्र सगळी लावणी यायची, हे तिला सांगितलं तर म्हणाली, तो पदर ऐकू येतो. घुमटदादा, दुलपदाची रीत मी आता मोडत नाही.

निर्गुणीचं एकतारी म्हणाले तसं विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही आणि मी फार घाबरले. तिसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला. "पाठव. पण डायलिसिसला नको. तू येशील तेव्हा घरी लाव, स्पीकरवर, दोन्ही कानांनी ऐकू." पुढच्या रविवारी जातेय.

आता तिनं मला यादी पाठवलीय. म्हणे, आता तुझी पाळी, मंगळवारी सातला बसायचं आणि मधे चहाला उठायचं नाही. पहिलंच नाव मेटालिका, तो हेवी मेटल रॉकचा बँड. हॉस्टेलवर मी हे बंद करायला लावायची. आता नीट ऐकायचंय. इथे कुणी ह्या संगीतात मुरलेलं असेल तर सांगा, पहिल्यांदा ऐकताना कान कशावर ठेवायचा? गिटारवर, ड्रमवर की शब्दांवर?