मदत हवी आहे: रेन चेक म्हणजे नकार का?

घाईत_आहे:
अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये रेन चेक, बॉलपार्क आणि टच बेस आलंय. शब्दकोशात पाऊस नि मैदान सापडतंय. डेमो रद्द झाला का? संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंय, पटकन सांगा.

तळटीप:
पूर्ण वाक्य द्या. डेमो कोणाचा, कधी?

सीमारेषा:
तिन्ही बेसबॉलचे. आपण 'गुगली टाकली' म्हणतो तसंच. धावणाऱ्याला प्रत्येक बेसला (मैदानातल्या ठरावीक टप्प्याला) पाय लावावाच लागतो, चुकला तर अपीलवर बाद. टच बेस म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. 'टच बेसिस' लिहू नका, ही चूक फार होते.

मिडऑन:
उत्तरात तुम्हीही 'स्टिकी विकेट' (म्हणजे अडचणीची परिस्थिती) वगैरे टाका, भाषा खुलते.

तळटीप:
अजिबात नको! क्रिकेटचे वाक्प्रचार अमेरिकेत बहुतेकांना कळत नाहीत. सारखे दिसणारे शब्द तर जास्त घातक. आपल्याकडे स्ट्राइकवर असणं म्हणजे चेंडू खेळायची पाळी असणं. तिकडे स्ट्राइक म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू, तीन झाल्या की तो बाद, म्हणून 'स्ट्राइक आउट' म्हणजे अपयश.

मिडऑन:
बरं, पण बेसबॉलमध्ये एका डावाला इनिंग म्हणतात, शेवटी एस नाही. क्रिकेटमध्ये एकच डाव असला तरी इनिंग्ज. सामना नऊ इनिंगचा.

सीमारेषा:
हे कोणी विचारलंय?

घाईत_आहे:
वाक्य असं आहे: 'कॅन आय टेक अ रेन चेक ऑन थर्सडेज डेमो? सेंड मी अ बॉलपार्क अँड वुई विल टच बेस नेक्स्ट वीक.' डेमो आमचाच, गुरुवारी.

मिडऑन:
म्हणजे नकारच. सभ्य भाषेत.

तळटीप:
नाही. पावसाने सामना धुतला की तिकिटाच्या तुकड्यावर पुढचा सामना पाहता यायचा, ही पद्धत १८८० च्या दशकातली. सवलतीतला माल संपला की तिथली काही दुकानं आजही रेन चेकची चिठ्ठी देतात: माल आला की त्याच भावात घ्या. म्हणजे हक्क शाबूत, दिवस पुढे. जेवणाचं आमंत्रण असतं तर मिडऑन यांचं म्हणणं बरोबर ठरू शकलं असतं, तिथे ते 'बघू पुढे कधीतरी' असू शकतं. इथे त्याच मेलमध्ये पुढच्या आठवड्याचं बोलणं आणि आकड्याची मागणी आहे. आकडा मागणारा माणूस दार लावत नाही.

घाईत_आहे:
आकडा म्हणजे कोटेशन? ते तयार आहे, १३,४६० डॉलर.

सीमारेषा:
तो पाठवू नका! बॉलपार्क म्हणजे ढोबळ आकडा. इतका नेमका लिहिलात तर तोच पक्का धरला जाईल आणि काम वाढलं की वाद. '१२ ते १५ हजार डॉलर' असा पल्ला द्या. त्यात काय धरलंय आणि काय नाही (प्रवास, कर, नंतरची देखभाल) ते एका ओळीत लिहा. कोटेशन मागितल्यावर.

तळटीप:
आणि 'नो प्रॉब्लेम' एवढ्यावर थांबू नका. पुढच्या आठवड्यातल्या दोन वेळा त्यांच्या टाइम झोनमध्ये द्या, निवड त्यांच्यावर सोडा. 'का पुढे ढकललं' हे विचारायचं नाही.

घाईत_आहे:
मंगळवार आणि बुधवार, दोन्ही त्यांच्या सकाळी १० वाजता, आणि १२ ते १५ हजार. पाठवतोय.

मिडऑन:
कर वगळून, हे लिहिलंत ना?