कबुतरांचं इंटरनेट

गीक, म्हणजे कॉम्प्युटरवेड्या मंडळींचे विनोद म्हणजे रिकामटेकडेपणा, हे मत मला अजिबात पटलं नाही. १ एप्रिल १९९० ची आरएफसी ११४९ घ्या. (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं हे मांडणारी टिपणं.) कबुतराच्या पायाला कागद बांधून इंटरनेटची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, कशी पाठवायची, हे तिच्यात अगदी गंभीर भाषेत लिहिलंय. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या हौशी मंडळींनी ते खरोखर करून पाहिलं! नऊ पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारे छोटे संदेश, पाठवले, चारांचीच उत्तरं आली, तीही सरासरी दीडेक तासाने. पण आली! कारण खाली तार आहे, रेडिओ आहे की पक्षी, याच्याशी आयपीला, म्हणजे पॅकेट्स पत्त्यावर पोचवायच्या नियमांना, काही देणंघेणंच नसतं. अशा नियमसंचांचे, म्हणजे प्रोटोकॉलचे, थर वेगळे का ठेवतात, ते याहून झकास कुठे कळणार?

वेबपानं मागवण्याच्या एचटीटीपी या प्रोटोकॉलमधला ४१८ हा उत्तराचा कोड, म्हणजे 'मी चहाची किटली आहे', हाही १९९८ च्या अशाच थट्टेतला. २०१७ मध्ये तो काढून टाकायची सूचना आली, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून वाचवला. फार बरं केलं.

नवशिक्याला नेटवर्किंग शिकवायचं तर मी आधी कबुतरंच वाचायला देईन, नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या ओएसआय या पाठ्यपुस्तकी आराखड्याचे सात थर नंतर.