पहिल्याच डायलिसिसला दोनच तास, तेही इतकं हळू का?

ताई, आईंच्या रक्तातलं सोडियम ११२, म्हणजे फारच कमी असताना डॉक्टरांनी दोनच तास आणि मशीनमधून रक्त फिरण्याचा वेग मिनिटाला फक्त ५० मिलि ठेवला, म्हणजे कंजुषी केली असं तुम्हाला वाटतंय. उलट ही काळजी आहे. मी नाशिकमध्येच डायलिसिस टेक्निशियन आहे.

मशीनमध्ये रक्त ज्या पाण्याने साफ होतं, त्यातलं सोडियम बहुतेक ठिकाणी १३०च्या खाली नेता येत नाही, आणि रक्तातलं सोडियम त्याच्या दिशेने चढतं. नेहमीच्या ३०० मिलिच्या वेगाने चार तास चालवलं, तर रक्तातलं सोडियम साधारण पंधराने चढू शकतं. बरेच दिवस कमी राहिलेलं सोडियम २४ तासांत साधारण ८ पेक्षा जास्तने वाढू द्यायचं नसतं. मिनिटाला ५० मिलि म्हणजे तासाला तीन लिटर रक्त. आईंच्या अंगात तीस लिटर पाणी धरलं तर तासाला जेमतेम दोनने वाढ. म्हणून मध्ये-मध्ये रक्त तपासतात, तो खर्च टाळू नका.

घाईचा फटका मेंदूला बसतो, आणि तोही लगेच नाही, दोन ते सहा दिवसांनी: बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. असं काही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आणि कृपा करून घरी मीठ वाढवू नका. लघवी कमी झालेल्यांत सोडियम बहुतेकदा पाणी साठल्याने उतरतं. उन्हाळ्यात तहान आवरणं फार कठीण जातं, तरी पाणी मोजूनच द्या.