अनुभव धागा: फाइल उडवली आणि कॉम्प्युटर बसला

परवा भाच्याने लॅपटॉपमधली 'फालतू' फाइल उडवली आणि लॅपटॉप उठेचना. त्यावरून २००५ सालचा माझा पराक्रम आठवला. तुम्हीही असे दिवे लावले असतील, तर लिहा. मशीन कुणी, कसं उठवलं तेही सांगा. सुरुवात माझ्यापासून.

तेव्हा आम्ही नौपाड्यात राहायचो. ४० जीबीची हार्ड डिस्क, त्यात सी ड्राइव्ह १० चा आणि सदा भरलेला. लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलं, तर सी उघडताच एनटीएलडीआर नावाची फाइल. एक्स्टेन्शन नाही, डबल क्लिकने उघडत नाही. म्हटलं, कचरा. शिफ्ट धरून डिलीट. मिळालेली जागा किती, तर अडीचशे केबी!

सकाळी बाबा सोसायटीचा हिशोब करायला बसले, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: एनटीएलडीआर इज मिसिंग. विंडोज एक्सपीला उठवणारी फाइलच मी पुसली होती. बाबा बोलले काहीच नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने मशीन न बघताच "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणून सांगितलं. (हे लोक सर्दीलाही फॉरमॅटच मारतील.) शेवटी वरच्या मजल्यावरचा दादा एक्सपीची सीडी घेऊन आला. सीडीवरून बूट, आर दाबून रिकव्हरी कन्सोल (कमांड टाइप करून दुरुस्ती करायचा काळा पडदा), पासवर्ड विचारला तिथे नुसतं एंटर. सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधली एनटीएलडीआर सीवर कॉपी केली की झालं. पण दादा डी डी म्हणत टाइप करत राहिला आणि एरर येत राहिली. आमच्या डीवर गाणी होती, सीडी होती ईवर. एक फाइल कॉपी झाल्याची ओळ दिसली तेव्हा कुठे आईने चहा टाकला.

वाशीकर: आमचं त्याही आधीचं, विंडोज ९८. मी आयओ डॉट सिस, म्हणजे ९८ ला उठवणारी फाइल, उडवली होती. स्टार्टअप फ्लॉपी टाकून 'सिस सी:' एवढंच टाइप केलं, मशीन चालू. मात्र तीन फ्लॉप्या खराब निघाल्या, चौथी चालली.

ऐरोली, नाइट शिफ्ट: माझी गोष्ट उलटी आहे. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे जगभरची लाखो विंडोज मशीन निळी पडली, त्यात आमचा अख्खा मजला. इलाज काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली एक फाइल डिलीट करायची! एरवी त्या फोल्डरला हात लावू नका म्हणून आम्हीच लोकांना दटावतो. डिलीट करायला मिनिटभर लागायचं, पण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप. प्रत्येक मशीनची ४८ आकडी किल्ली (की) वेगळी. एक जण फोनवर वाचतोय, दुसरा टाइप करतोय, चाळिसाव्या आकड्याला "परत सांग रे" झालं की डोकं फिरायचं. उजाडलं तेव्हा माझा घसा बसला होता.

नेरूळची आई: मुलीच्या लॅपटॉपसाठी आधी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्ह केला, 'ट्राय' निवडून चालवला आणि तिचे फोटो, प्रोजेक्ट बाहेर काढले. मगच दुरुस्तीला दिला. बिटलॉकर चालू असेल तर की लागते, तेवढं बघा.

घोडबंदर रोड: भाच्याच्या लॅपटॉपचं काय झालं ते सांगा की!

धागाकर्ता: उठला. त्याने सिस्टिम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या फाइलची मालकी स्वतःकडे घेऊन ती उडवली होती. माझ्या मशीनवर विंडोज ११ चा ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून रिपेअर आणि मग कमांड प्रॉम्प्ट. स्टार्टअप रिपेअरने हात वर केले, तेव्हा एसएफसी (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणारी कमांड) ऑफलाइन, म्हणजे त्याचं विंडोज चालू न करता, चालवलं. पंधरा-वीस मिनिटं टक्के मोजत बसलो. त्याआधी अर्धा तास वाया गेला, कारण मी सी सी करत होतो आणि रिकव्हरीत त्याच्या विंडोजला अक्षर मिळालं होतं डी.