किल्लारीचा भूकंप आणि पहाटेचं तेच ते स्वप्न

औसेकरीण
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी मूळची किल्लारीजवळच्या एका खेड्यातली, लग्नानंतर पुण्यात, सातव्या मजल्यावर. १९९३ साली चौथीत होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे ३.५६ ला भूकंप. घर दगडमातीचं, वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत, गळू नये म्हणून वरून सारखी भर टाकत गेलेलं. उन्हाळ्यात गारेगार. तेच खाली आलं. मला काकांनी वेणीला धरून ओढून काढलं. आजी आणि धाकटा भाऊ गेले.

इथवर मी न रडता सांगू शकते. अडचण स्वप्नाची आहे. मधली कितीतरी वर्षं ते पडत नव्हतं. माझा मुलगा भावाच्या त्या वेळच्या वयाचा झाला आणि परत सुरू झालं. गणपती बसले की हमखास. स्वप्नात घर पुण्याचंच असतं, पण भिंतीतून माती गळायला लागते, तोंडात येते, मुलाला हाक मारायला जावं तर आवाज फुटत नाही. घामाघूम होऊन उठते तेव्हा पावणेचार-चार झालेले असतात. मग कसली झोप. वरच्यांनी रात्री पलंग सरकवला तरी मी पोराला उचलून दारात उभी.

सासूबाई म्हणतात उशाखाली अडकित्ता ठेव, मारुतीस्तोत्र म्हण. म्हणते. डोळा लागायला मदत होते, स्वप्न काही थांबत नाही. नवरा समजूतदार आहे, तरी 'अगं, किती वर्षं झाली आता' हे त्याच्याही तोंडून निघतंच. धीर देऊ नका, तो पुष्कळ मिळालाय. कुणी प्रत्यक्ष काय केलं ते सांगा. आणि गुंगीची गोळी नको, सकाळी सहाला डबा असतो.

सात्त्विक_आहार
ताई, रात्री हरभरा डाळ, वांगं बंद करा. सातच्या आत जेवा. पित्त वाढलं की अशी स्वप्नं पडतात.

औसेकरीण
दादा, जेवण साडेसातलाच होतं. पित्ताचं स्वप्न कुठलं आणि हे कुठलं, एवढं कळतं मला.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर. आम्ही जिन्यात बसून एकेक पायरी पाण्याखाली जाताना बघत होतो, शेवटी शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. स्वप्नात तोच जिना, फक्त वर गच्चीच नसते.

मी करतो ते सांगतो. जाग आली की पडून राहायचं नाही. उठून बसायचं, पाय लादीवर टेकवायचे, दिवा लावायचा आणि मोठ्याने बोलायचं: आज अमुक वार, अमुक तारीख, मी नव्या घरात दुसऱ्या मजल्यावर, बाहेर पाऊस नाही. बायको पहिल्यांदा घाबरली, आता कूस बदलून झोपते. लोक सांगतात पाणी प्या. पुरातून आलेल्या माणसाला हा सल्ला देणाऱ्याला कोपरापासून नमस्कार! मी खडीसाखर चघळतो.

याने स्वप्न जात नाही हो, पण पुढचे दोन तास वाचतात. आणि घोट घेऊन झोपायच्या फंदात कुणी पडू नका. चुलतभाऊ तेच करायचा. पहिली झोप गाढ, पहाटे दुप्पट तमाशा.

रात्रपाळी
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. चिपळूणकरांचा उपाय चांगला आहे, दारूबद्दलही बरोबर. दारूने सुरुवातीची स्वप्नाची झोप दबते आणि उत्तररात्री उसळून येते. एरवीही स्वप्नाची झोप पहाटेकडे लांबत जाते. म्हणजे औसेकरीणताई, चारच्या ठोक्यामागे भूकंपाची वेळ असेलही, पण थोडं शरीराचं वेळापत्रकही आहे. आणि मूल 'त्या' वयाला आलं की जुनं वर येणं, हे आम्ही नेहमी बघतो. तुमचं काही बिघडलंय असं नाही.

यावर एक पद्धत आहे. दिवसाउजेडी, झोपायच्या खोलीत नव्हे, स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा, शेवटच असं नाही, सुरुवात बदला, जागा बदला. पटण्यासारखं असलंच पाहिजे असंही नाही. मग ती नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायची. जुनी घोकायची नाही. अमेरिकेत बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबरोबर हे करून पाहिलं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांची दुःस्वप्नं बरीच कमी झाली. फरक पडायला काही आठवडे लागतात. हे स्वप्न फार जड असेल तर आधी एखाद्या हलक्या स्वप्नावर हात बसवा.

गोळ्यांचं म्हणाल तर प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध यासाठी देतात. काहींना गुण येतो, पण अमेरिकी माजी सैनिकांवरच्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. उठताना चक्करही येऊ शकते, तेव्हा मनाने घेऊ नका. उलट रक्तदाबाच्याच काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकरनी, वाईट स्वप्नं पडतात. चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

पलंगाच्या आवाजाला तुम्ही दारात जाता, म्हणजे गोष्ट फक्त झोपेची नाही. प्रत्यक्ष कुणाला तरी भेटाच. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच दिवशी. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

औसेकरीण
डॉक्टर, रविवारी दुपारी लिहिलं, पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. स्वप्न तीन ओळींत संपलं, मलाच नवल वाटलं.

बदल काय करावा ते सुचेना. मग आठवलं. १९९२ मध्येही आमच्याकडे धक्के बसले होते, तेव्हा सगळा गाव बाहेर झोपायचा. अंगणात ओळीने बाजा टाकलेल्या, आजी राखणीला बसल्यासारखी कडेच्या बाजेवर. पुढे काही झालं नाही, माणसं हळूहळू आत गेली. तर मी लिहिलं की विसर्जनाहून आल्यावर आजी म्हणते, "आज बाहीरच टाका गं बाजा, लई उकडायलंय." पोरगा माझ्याजवळ, भाऊ आजीजवळ. माळवद पडतं, पण आत कुणी नाही.

डोळ्यांपुढे आणायला जमतंय. पण अपराधी वाटतं. गेलेल्या माणसांना खोटंच जिवंत करायलेय असं.

रात्रपाळी
तुम्हाला काय झालं ते पक्कं ठाऊक आहे, ते पुसलं जाणार नाही. हा बदल फक्त स्वप्नापुरता. तरी सलत असेल तर गोष्ट पुण्यातच ठेवा: भिंतीतून माती यायला लागते, तुम्ही मुलाला घेऊन जिन्याने खाली उतरता, वॉचमन गेट उघडतो. आजी-भावाचं दुःख हा वेगळा विषय आहे, तो समोर बसून बोलण्याचा.

औसेकरीण
नको, आजीची बाज राहू दे. दोन दिवस करून बघितलं तर उलट तीच म्हणायलीय असं वाटतं. भेटीची वेळ घेतलीय, गणपती बसायच्या आधीची. नवराही येतो म्हणाला.

वाशिष्ठीकाठ
मी पण लिहायला घेतलं. जिन्यावर गच्ची बांधली. नगरपरिषदेची परवानगी नंतर बघू.